अलाबला

पुंडलिकनगरातल्या त्या दवाखान्यात भेटायची वेळ झाली की प्रेरणा सिस्टरला किळस यायची. पेशंट एक आणि भेटायला अख्खं गाव. पलंगावर बसायचं, केळं सोलायचं, त्याच हातानं पट्टी चाचपायची. सांगून सांगून तिचा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी. त्यात आता तिची स्वतःची आई, लक्ष्मीबाई, पिशवीचं ऑपरेशन होऊन त्याच वॉर्डात पडून होती.

एकेकाची जखम चिघळत चालली होती. टाक्यांतून हिरवट पू यायचा, सडक्या कांद्याचा वास यायचा. फरशी पुसली, औजारं उकळली, चादरी बदलल्या. वास हटेना.

त्या दुपारी तिला ती म्हातारी दिसली. प्रत्येक पेशंटच्या गालांवरून हात फिरवायची, आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची, पुढच्या पलंगाकडे सरकायची. बोटांचा आवाज कडकड नव्हता. नासका टोमॅटो दाबावा तसा पिचपिच होता. गालांवर पिवळट ओल राहायची. तरी कुणी अडवेना. जो तो समजायचा, शेजारच्यांची पाहुणी असेल.

"आजी, कोणाच्या तुम्ही?"

"समद्यांचीच की गं माय."

आणि ते ओले तळवे प्रेरणाच्याच गालांवर आले. वडीलधाऱ्या बाईनं माया केली तर मान मागं घ्यायची नसते, एवढंच तिला घरी शिकवलेलं. तिनं मान मागं घेतली नाही. मग ती बेसिनकडे धावली.

परतली तर म्हातारी नव्हती. जिन्यापाशी वॉचमन अजिनाथ बसला होता.

"अशी कुनी आली बी नाय अन् गेली बी नाय, सिस्टर."

प्रेरणानं साबणानं तोंड खरवडलं. वास गेला नाही. आईचा पलंग शेवटचा. म्हातारी तिथवर पोचली नव्हती, एवढाच काय तो दिलासा. ती आईपासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिली.

"जवळ ये की."

"आज नको, आई."

"माझी किळस येती व्हय गं तुला?" लक्ष्मीबाईचे डोळे भरले.

ते प्रेरणाला बघवेना. पट्टी तेवढी बघावी म्हणून ती वाकली. पट्टी कोरडी, स्वच्छ होती. तिला रडूच फुटलं.

आईनं तिचे गाल कुरवाळले. बोटं आपल्या कानशिलांवर नेली.

पिचपिच.

मग कालपर्यंत कूस बदलताना कण्हणारी लक्ष्मीबाई पांघरूण सारून उठली आणि शेजारच्या पलंगाकडे निघाली.