हात काढ, दादा

लिफ्ट बंद म्हणून तुम्ही सगळे जिना चढून आलात आणि आल्या आल्या लिफ्टवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात, तो मी ऐकला. बसा. पाणी प्या. मेकॅनिक आता सकाळशिवाय यायचा नाही, आणि अंधारात तो जिना पुन्हा उतरायची तुमच्यापैकी कुणाची तयारी दिसत नाही. तेव्हा एक गोष्ट सांगतो. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कारकून होतो. तक्रारी नोंदवायचो. माणसाला जिवंत माणसं किती छळू शकतात हे मला कुणी शिकवायला नको. मेलेल्यांचं मात्र मला एकाच माणसाने सांगितलं, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हता.

तो आमचा मेकॅनिक. त्याला सगळे ‘फादर’ म्हणायचे. तीन पोरांचा बाप आणि बायकोच्या धाकात असलेला जगातला एकमेव फादर. गडी पक्का ख्रिस्ती, म्हणजे नुसता दाखल्यापुरता नव्हे. रविवारची उपासना चुकवायचा नाही. डोळे मिटून दोन शब्द पुटपुटल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. दुरुस्ती झाल्यावर कुणी खुशीने हातावर काही ठेवू लागला की हात मागे. संध्याकाळी बाकीचे ‘बसायला’ निघाले की हा घरी.

आम्ही चिडवायचो, “काय फादर, स्वर्गात लिफ्ट आहे का? तिथे तुमचीच नेमणूक होणार.”

तो म्हणायचा, “असली तरी बंद ठेवावी लागेल. तुमच्यासारखे वर येऊन बसतील.”

मला विचाराल तर यात त्याचं फारसं कौतुक नव्हतं. दारूचा त्याला वासच सोसत नसे. जे नकोच आहे ते नाकारलं, तर त्यात मोह कसला? त्याच्या वाट्याचा मोह नंतर आला, आणि तो बाटलीतून आला नाही.

त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली काम करायचा. हसरा पोरगा, सतत काहीतरी गुणगुणायचा. लिफ्टच्या कामात एक शिस्त असते. माणूस लिफ्टच्या टपावर चढून काम करणार असेल, तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दुसऱ्या कुणीही, अगदी मालकानेही, त्या कुलपाला हात लावायचा नाही. एके दुपारी धाकटा टपावर तेल घालत होता. आमच्या सुपरवायझरला एका बड्या गिऱ्हाइकाला लिफ्ट चालवून दाखवायची घाई होती. स्विच चालू झाला. लिफ्ट सरळ वर गेली, आणि टप आणि वरचा स्लॅब यांच्यामध्ये धाकटा होता.

चौकशी झाली. सुपरवायझर म्हणाला, स्विचला कुलूप नव्हतंच, पोरगा निष्काळजी. कुलूप कुठे सापडलं नाही. किल्ली सापडली, धाकट्याच्या खिशात. चौकशीवाल्यांनी किल्ली बघितली आणि बाजूला ठेवली. वर्षभरात सुपरवायझर मोठा साहेब झाला.

त्यानंतर फादर उपासनेला जायचा, पण प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेची ओळ आली, ‘आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे तशी तू आम्हाला कर’ ही, की गप्प व्हायचा. सगळी मंडळी ती ओळ म्हणून पुढे जायची, मग हा पुढच्या ओळीला सामील व्हायचा. पाळकांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी हळूच विचारलं तेव्हा म्हणाला, “पाळकसाहेब, देवाला खोटं कसं सांगू?”

आता ती रात्र. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षीची. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. फादर घरी आडवा झाला होता. कंपनीचा फोन आला, एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली आहे, आत एक जण आहे. रात्रपाळीचा जोडीदार तापाने फणफणलेला. असं काम एकट्याने करायचं नाही असा नियम, पण नियम करणारे रात्री झोपलेले असतात.

बायको म्हणाली, “अहो, एकटेच जाताय? आणि उद्या उपासना आहे, विसरू नका.”

“तासाभरात येतो. दार आतून लावून घे.”

इमारत चांगली होती. गुळगुळीत फरशी, कुंड्या, जिन्यात मंद दिवे. वॉचमन म्हणाला, “चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये आहे. मघापासून शिव्या देतायत. आता जरा दमलेत.”

फादर पाचव्या मजल्यावर चढला. बाहेरचं दार आपल्या चावीने उघडून त्याने बॅटरी खाली धरली. लिफ्टचं छत आणि मजल्याची कड यांच्यामध्ये वीतभर फट होती.

“कोण आहे? किती वेळ रे! माणूस मरेल ना इथे!”

आवाज ऐकताच फादरने ओळखला. तोच सुपरवायझर, आताचा मोठा साहेब.

आतून दोन डोळे वर बघत होते. ओळख पटायला त्यांनाही क्षणभर लागला.

“फादर... तू?”

फादरने बॅटरी त्याच्या डोळ्यांवरून बाजूला केली.

“हे बघ, जुनं काही मनात ठेवू नकोस हं. तू देवमाणूस आहेस. मला बाहेर काढ, तुझ्या थोरल्याला कंपनीत घेतो. माझा शब्द.”

“साहेब, दारापासून लांब उभे राहा. लिफ्ट हलेल. घाबरू नका.”

एवढंच म्हणाला, दार लावलं आणि गच्चीवरच्या मशीन रूमकडे गेला.

तुम्हाला आता थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अडकलेली लिफ्ट हाताने सरकवतात. मोटरला एक मोठं हातचाक असतं आणि ब्रेकला एक दांडा. दांडा दाबला की ब्रेक सुटतो, मग चाक फिरवून लिफ्ट मजल्याशी आणायची. दांडा सोडला की ब्रेक आपोआप घट्ट बसतो. म्हणून काम दोघांचं. एक दांड्यावर, एक चाकावर. चाकावरचा म्हणतो ‘दाब’, दांड्यावरचा दाबतो. तो म्हणतो ‘धर’, म्हणजे ब्रेकने धरू दे, की हा दांडा सोडतो. आणि सगळ्यांना वाटतं की ब्रेक सुटला की लिफ्ट खाली पडते. तसं नसतं. पलीकडे लोखंडी वजन टांगलेलं असतं. आत एकच माणूस असला तर ते वजन जड पडतं. मग ब्रेक उघडा राहिला आणि चाकावर हात नसला, तर लिफ्ट वर जाते. सुसाट. थेट स्लॅबपर्यंत.

हो, बरोबर. धाकटा गेला तशीच.

मशीन रूम लहान. एक बल्ब, तेलाचा वास, कोपऱ्यात रिकामा डबा. फादरने मेन स्विच बंद केला. स्वतःचं कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. चाक दोन्ही हातांनी पकडलं. एकट्यानेच करायचं, तर एक पाय दांड्यापर्यंत पोचवायचा होता. त्याने पाय लांब केला.

दांडा आधीच खाली होता.

कुणीतरी दाबून धरला होता.

बल्ब चालू होता. सगळं दिसत होतं. दांड्यावर कुणी नव्हतं. पण दांडा खाली होता, आणि चाक त्याच्या हातात ओढ घ्यायला लागलं होतं.

“दादा, मी दांडा दाबलाय. तू चाक बघ.”

आवाज नेहमीसारखा. कामावर असायचा तसा. फादर मला म्हणाला, “त्याचीच भीती वाटली बघा. आवाज रडका नव्हता, खोल नव्हता. जसा रोज यायचा तसाच आला.”

त्याने सवयीने सांगितलं, “धर.”

दांडा वर आला नाही.

“धर म्हटलं ना!”

“नाही दादा.”

चाक अर्धा फेरा सरकलं. खाली लिफ्ट हलली. साहेब ओरडला.

“तुला काही करायचं नाहीये,” धाकटा म्हणाला. “मी दाबलाय. तू फक्त हात काढ.”

फादरने चाकावरची पकड घट्ट केली.

“ब्रेक झिजला होता म्हणतील. चौकशी होईल. चौकशी कशी होते, माहीत आहे ना तुला?”

फादरने डोळे मिटले. घाम. चाक लोखंडी, हात तेलकट. त्याने प्रार्थना सुरू केली. पहिल्या ओळी आल्या. मग ती ओळ आली... आणि तो थांबला.

चाक पूर्ण एक फेरा सरकलं.

“बघ,” धाकटा म्हणाला. “तुलाही नकोय तो.”

खाली साहेब दार बडवत होता. “फादर! अरे काय करतोयस! फादर!”

“माझ्याकडे किल्ली होती, दादा.”

“माहीत आहे.”

“माझ्या खिशात होती.”

“माहीत आहे रे.”

“मी वर बघत होतो. स्लॅब येताना दिसत होता.”

...

फादरने हे मला सांगितलं तेव्हा तो इथेच, या खुर्चीत बसला होता. म्हणाला, “तुम्ही मला फादर म्हणता. त्या वेळी मी डावा हात काढला होता. काढला होता, ऐका. आणि किती बरं वाटलं, सांगू? इतकं बरं मला कुठल्याच उपासनेत वाटलं नव्हतं.”

एका हाताने चाक राहीना. लिफ्ट वर चालली. हळू. मग जरा कमी हळू. दोर कुरकुरायला लागले.

“आता दुसरा,” धाकटा म्हणाला. अगदी प्रेमाने.

दुसरा हात सुटत होता. बोटं एकेक निसटत होती.

आणि याने डावा हात परत चाकावर मारला. छाती चाकावर टाकली. तळहाताची सालं निघाली. चाक थांबलं. दात आवळून त्याने ती ओळ म्हटली. मोठ्याने. मग देवाला नव्हे, भावाला सांगितलं,

“मी त्याला क्षमा केली.”

दांडा खालीच राहिला.

“मनापासून नाही केली. तेवढं माझ्याकडे नाही. पण केली.”

“मी नाही केली,” धाकटा म्हणाला.

आवाज आता दांड्यापाशी नव्हता. कानाशी होता.

“तो तुझा कोण, दादा? मग मी तुझा कोण?”

दांडा ताडकन वर आला. ब्रेक बसला. बल्ब तसाच जळत होता. खोलीत फादर एकटा होता, चाकाला मिठी मारून.

पुढचं काम त्याने एकट्याने केलं. पायाने दांडा, हाताने चाक, थोडं थोडं करत. लिफ्ट पाचव्याशी आली. साहेब रांगत बाहेर आला. पँट ओली. भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला,

“वर तुझ्याबरोबर दुसरा कोण होता?”

“का?”

“दोघं बोलत होता तुम्ही. मी ऐकलं.”

“माझा हेल्पर,” फादर म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उचलून जिना उतरला.

आता तुम्हाला वाटत असेल, साहेबाला उपरती झाली, त्याने खरं काय ते कबूल केलं. नाही. सोमवारी त्याची तक्रार आली. माझ्याच टेबलावर. मेकॅनिक उशिरा आला, लिफ्टला धक्के दिले, उद्धटपणे वागला. मी नोंदवली. साहेब आजही धडधाकट आहे, नातवंडं खेळवतो. फक्त जिन्याने जातो म्हणे, तब्येतीसाठी.

पण रविवार सोमवारच्या आधी येतो.

रविवारी फादर उपासनेला गेला. तळहातांना फडकी बांधलेली. मंडळीबरोबर सगळी प्रार्थना त्याने सलग म्हटली. पाळकांनी पुढून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. उपासना झाल्यावर हा फुलं घेऊन चर्चच्या मागे दफनभूमीत गेला. तिथले सगळे क्रूस पायवाटेकडे तोंड करून आहेत, म्हणजे चालता चालता नावं वाचता येतात.

धाकट्याच्या क्रुसाची पाठ वाटेकडे होती. नाव मागच्या भिंतीकडे.

दगडी क्रूस. सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलेला. चौथऱ्याला चीर नाही. बुडाशी जमलेलं शेवाळ जिथल्या तिथे. मी स्वतः जाऊन बोट फिरवून पाहिलंय. पाळकांनी गवंडी आणला. गवंडी म्हणाला, बसवतानाच उलटा बसवला असेल. पाळकांनी मान डोलावली. क्रूस बसवला त्या दिवशी त्यांनीच समोर उभं राहून नाव वाचलं होतं.

पुढच्या रविवारीही वाटेकडे क्रुसाची पाठच होती. फादर तिथे थांबलाच नाही. क्रूस आणि भिंत यांच्यामध्ये काटेरी झुडूप माजलंय, त्यात शिरला. भावाचं नाव समोरून बघायचं म्हणून. सदरा फाटला. गालावर ओरखडे आले. भिंतीला पाठ लावून तो वळला.

समोर कोरा दगड होता.

नाव पायवाटेकडे होतं.