मौनाचा सोमवार

“हात पदराखाली घे, सुगंधा... पाहुणे आलेत.”

आई जाऊन चार वर्षं झाली, तरी कोणी समोर आलं की तिचं हे वाक्य आधी ऐकू येई आणि माझा डावा हात आपोआप आत जाई. मनगटापासून बोटांपर्यंत त्यावर कोडाचे पांढरे डाग. हळदीकुंकवाला बायका माझ्याकडून पान घेताना अगदी टोकाशी धरत. मी कोणाला दोष दिला नाही. बजाजनगरातली भाड्याची खोली, शाळा, देवपूजा आणि सोमवारचा उपवास... एवढ्यात दिवस सरत.

अशाच एका सोमवारी शाळेच्या कुंपणाशी पूजेसाठी तगरीची फुलं तोडत होते. मागून आवाज आला –

“झाडालाबी दोन राहू द्या, बाई!”

वळले. कारखान्याचे निळे कपडे, उंच अंगकाठी, डोळ्यांत हसू... हा पुंजाराम. वाळूजला फिटर होता. सोमवारी त्याला सुट्टी, म्हणून मुख्याध्यापकांनी मुलांचं नाटक बसवायला बोलावलं होतं.

माझ्या चौथीत भागू नावाची मेंढपाळाची मुलगी होती. ती आत आली की मुलं ‘बें... बें...’ करत. छडी आपटून मी थकले होते. पुंजारामनं छडी कोपऱ्यात ठेवली, सगळ्यांना गोल बसवलं.

“चिडवलं ज्यानं, आज भागू त्यानंच व्हायचं.”

सर्वांत मोठ्यानं ओरडणारा सांडू मधे उभा राहिला. चहूकडून बें-बें सुरू झालं आणि थोड्याच वेळात तो रडायला लागला.

“मला वाचाया येत नाय... मला कोणी हसायच्या आत मीच वरडतो.”

मग एकेक जण मधे येऊन आपलं लपवलेलं सांगू लागला. शेवटी पुंजाराम माझ्याकडे वळला. “आता बाई.”

मी हात पदराखाली आणखी आत ओढला. “आज... माझं मौन आहे.”

“व्हय? आन् हे कोण बोललं मग?”

मुलं खदखदून हसली. मीही हसले – पण घरी आल्यावर देवासमोर मान वर होईना. महादेवाच्या आड लपले होते मी!

पुढच्या सोमवारी न बोलावता मधे गेले. पदर बाजूला केला. डावा हात सगळ्यांपुढे धरला.

“बाई, दुखतं का?” भागूनं विचारलं.

“हात नाही दुखत गं.”

ती उठली, माझी बोटं धरली आणि मला आपल्या शेजारी बसवलं.

शाळा सुटल्यावर पुंजाराम म्हणाला, “मला वाटायचं, पदराखाली माझ्यासाठी लाडू लपवलाय.”

“उपवासाचा चालला असता?”

“तुमच्या हातचा... काहीबी.”

गाल तापले. त्यानंतर कितीतरी सोमवार मी फुलं उगाचच सावकाश तोडत राहिले...

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर धगधगत होतं. एकदा तालमीनंतर तो रेंगाळला.

“उद्या मोर्चा हाय. धरतील बहुतेक. एक काम कराल? माझी माय, दगडाबाई, देवगाव रंगारीला एकटीच असती. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर अन्न सोडंल ती. तुम्ही जाऊन सांगाल?”

“सांगेन, नक्की. पण... मी कोण म्हणून जाऊ?”

तो चपलेनं माती उकरत राहिला.

“ते तुम्ही ठरवा. माझी वस्ती तुम्हाला ठाऊक हाय, तुमची भावकी मला. मी... मी तर कवाच ठरवलंय.”

उत्तर माझ्या ओठांशी आलं आणि तिथंच अडलं. तो गेला.

बुधवारी कळलं, त्याला हर्सूलच्या तुरुंगात नेलंय. गुरुवारी पूजा लवकर उरकली, रजेचा अर्ज शेजारच्या मुलीकडे दिला. घरमालकीण मालनबाई अंगणात सडा टाकत होत्या.

“एवढ्या सकाळी कुठं, बाई? शाळा नाय का?”

“देवगाव रंगारीला. दगडाबाई म्हणून आहेत, त्यांच्याकडे.”

“नात्यातल्या का?”

मी कडी लावली, कुलूप घातलं.

“आजपासून,” मी म्हटलं, आणि एसटीच्या थांब्याकडे निघाले.