उजवीकडचा दिवा

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी घड्याळजी आमच्या दुकानात आले. थोरली राहिली आणि धाकटी उजवली म्हणून आत्या माझ्याकडे बघून सुस्कारे सोडायची. मी ते मशीनच्या आवाजात बुडवायची. आमचं दुकान कुशनचं. मोटारींच्या सीटा, दारांची आतली कापडं, छतं. बाबांची कंबर धरल्यापासून सगळं काम माझ्याकडे होतं.

ते दारात छत्री झटकत उभे राहिले.

“छताला आतून कापड लावायचंय.”

“गाडी कुठली?” मी मान वर न करता विचारलं.

“विमान.”

मशीन थांबलं. मान वर केली, तर एक सडसडीत माणूस… कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

“खेळण्यातलं?”

“नाही हो. बसायचं. दोघांचं.”

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ते स्वतः बांधलं होतं. दिवसा लोकांची घड्याळं, उरलेल्या वेळात विमान. सगळं पुस्तकं वाचून, नऊ वर्षं. बाकी होतं ते फक्त छत. मी राखाडी कापड निवडलं, पाठीला पातळ फोम असलेलं. त्यांनी ते तराजूत घातलं. मग फोम. मग माझं दोऱ्याचं रीळसुद्धा.

“दोऱ्याचं काय वजन करता?”

“हवेत दोराही जड होतो.”

“मग मलाही तोला एकदा.”

ते तराजूकडेच बघत राहिले. “शेजारच्या सीटचं वजन धरलंय मी… अंदाजानं.”

“कुणाचं?”

“अजून विचारलं नाही तिला.”

घरी आल्यावर मी आरशात पाहिलं. आत्याने ते पाहिलं. “विमानाला छत घालतेय! स्वतःच्या डोक्यावर कधी छप्पर घेणार?” बाबा कॉटवरून म्हणाले, “विमान उडो न उडो, पोरगी मात्र उडाली.” मी हसले आणि आरशापासून बाजूला झाले. आई गेली तेव्हा धाकटी बहीण माझ्या वाट्याला आली आणि शाळा सुटली, ती पहिल्याच इयत्तेत. मला वाचता येत नव्हतं. त्यांच्या शेडमध्ये अवजारांपेक्षा पुस्तकं जास्त. त्यांना कळलं की संपलं, असं मी धरूनच चालले होते.

छताच्या मापाचा कागद त्यांनीच कापून दिला होता. त्यावर दिव्याच्या भोकाची खूण होती. दिवा डावीकडे यायचा होता, चालवणाऱ्याच्या डोक्यावर. नकाशा बघायला उजेड हवा म्हणून. कोपऱ्यात ठळक काहीतरी लिहिलं होतं. नाव असेल, असं मला वाटलं. मी त्यावरून बोट फिरवलं… आणि कागद उलटा केला. आमच्यात खुणा कापडाच्या पाठीवर करतात, म्हणून कागद आधी उलटवायचा. इतकी वर्षं हात तेच करत आला होता.

लावायच्या दिवशी दुपारभर पाऊस होता. चिकटवायचं सोल्युशन छताला लावायचं, कापडाच्या पाठीला लावायचं, आणि मग थांबायचं. बोट टेकून बघायचं. चिकटेनासं झालं की मगच दोन्ही जोडायचं. एकदा टेकलं की सुटत नाही. ओल्या हवेत ते लवकर सुकेना. वासामुळे विमानाची दोन्ही दारं उघडी ठेवून आम्ही आत बसून राहिलो. ते डावीकडे, मी उजवीकडे.

“झालं असेल?” त्यांनी विचारलं.

“घाई नको.”

“मला कुठं घाई आहे…”

मग त्यांनी कापड तळव्यांवर पेललं आणि मी मधोमध टेकवून बाहेरच्या अंगाला दाबत गेले. एकही सुरकुती नाही. त्यांच्या बोटांपाशी माझी बोटं आली, तेव्हा दोघांनीही काढली नाहीत.

“आता दिवा,” म्हणत त्यांनी डावीकडे चाचपलं. भोक नव्हतं. माझी नजर वर गेली. भोक माझ्या डोक्यावर होतं.

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“मी लिहिलं होतं ना…” ते हळू म्हणाले. “तुम्ही पाठीवर कापता, म्हणून कागद मीच उलटून दिला होता. वर लिहिलंही होतं, ‘उलटवू नका’.”

‘लक्ष गेलं नाही’ म्हटलं असतं तर चाललं असतं. जिभेवर आलंही होतं.

“मला वाचता येत नाही,” मी म्हणाले.

मी माझी कात्री उचलली, सोल्युशनचा डबा बंद केला, एक पाय बाहेर टाकला. मागे सरसर आवाज झाला म्हणून वळून पाहिलं. कापड आणि छताची कड यांच्या फटीतून त्यांनी दिव्याची वायर ओढून घेतली होती आणि ती हळूहळू उजव्या बाजूला सरकवत होते.

“हे काय करताय?”

“दिवा इकडेच राहू दे. नकाशा शेजारणीनं वाचायचा.”

“पण… तिला वाचता येत नाही म्हटलं ना.”

“विमानाला नऊ वर्षं लागली. अक्षरांना इतकी नाही लागणार.” मग माझ्याकडे न बघता, “बसतेस का? त्याशिवाय दिवा नीट पडतो की नाही, कळायचं कसं?”

मी पाय आत घेतला. दिवा लागला. उजेड नेमका माझ्या मांडीवर पडला.

अक्षरं मी त्याच सीटवर शिकले. मी पहिल्यांदा जोडून वाचलेला शब्द ‘नदी’ होता, नकाशावरचा. पहिल्या उड्डाणात ती खाली खरंच दिसली तेव्हा मी इतकी ओरडले की ते म्हणाले, “अगं, कान जातील माझे!” पुढे किती संध्याकाळी मी त्या दिव्याखाली त्यांना वाट सांगितली. त्यांनी एकदाही पुन्हा खात्री केली नाही.

छत अजून तसंच आहे, कुठे सुटलेलं नाही. डावीकडे एक बारीकसा खळगा आहे, त्या दिवशी भोक शोधताना त्यांचं बोट रुतलं तिथला. हे मी उजव्या सीटवर बसून लिहिते आहे.

बहिणीच्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, पावसाळा सरताना, एका बुधवारी सकाळी, झोपेतच हे गेले.