भैयाजींची गोळी

धरमपेठेत माझा दवाखाना आहे. मनाचे आजार बघतो. भूतबाधेबद्दल मला कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं.

महादेवराव माझे जुने रुग्ण. राहायला शहराबाहेर बेसाला, अंगानं काटकुळे, स्वभावानं गाय. त्यांना भास एकच: घरात भैयाजी नावाचे पाहुणे आहेत. भैयाजी कुणाला त्रास देत नाहीत, नुसते बसून असतात. नवऱ्याच्या समाधानासाठी वच्छलाबाई रोज त्यांचीही प्लेट मांडत. मीही कधी हरकत घेतली नाही.

आमच्या औषधांनी चरबी वाढते. महादेवरावांचं कोलेस्टेरॉल दोनशे नव्वदवर गेलं, तेव्हा ते उतरवणारी गोळी मीच लिहून दिली. काही आठवड्यांनी त्यांचा मुलगा आयुष आईबापांना घेऊन तणतणत आला. त्याचा गाल सुजला होता.

"डॉक्टर, बाबा मारून राहिले. मागून येऊन झापड हानली! आता मेंटलमध्येच भरती करतो त्याईले. चिठ्ठी द्या."

"आसं नोको करू रे बापू," वच्छलाबाई रडायलाच लागल्या. "हे कधी मुंगीवर बी वरडले नाही."

महादेवराव मान खाली घालून बसले होते. शेजारची वेताची खुर्ची रिकामी होती.

मला वाटलं, सुटलं कोडं. कोलेस्टेरॉल फार उतरलं की काही मनोरुग्ण आक्रमक होतात, असं वाचलं होतं. त्यावर आम्हा डॉक्टरांत अजून भांडणं आहेत. लगेच रक्त तपासून घेतलं. दोनशे ब्याण्णव!

"गोळी घेता की नाही?" मी ओरडलोच.

"रोज काढतो ना जी," महादेवराव म्हणाले. "पन नवं काही घरात आलं तर पहिले पाहुन्याले. आपनच कसं खावं? बरं दिसते का? भैयाजीच्या प्लेटीत ठेवतो."

"प्लेट साफ होते जी," वच्छलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मले वाटे, हेच खातेत."

मी पोट धरून हसलो. आयुषही हसला आणि गाल धरून कळवळला. तेव्हा मी तो गाल नीट पाहिला. चार बोटांचे वळ, केळ्याएवढे जाड. महादेवरावांची बोटं भेंडीसारखी. त्यांचा हात मी त्या वळांशी लावून पाहिला. माझं हसू आटलं.

"गोळी बंद," मी म्हणालो. "आणि भरतीची चिठ्ठी मिळणार नाही."

"काहून?" आयुषनं विचारलं.

मी कागदावरची गोळी दोनदा खोडली. मी घाबरलो होतो.

वच्छलाबाईंनी मला हात जोडले. महादेवराव मात्र रिकाम्या खुर्चीकडे कान देऊन बसले होते.

"काय म्हणतात?" मी विचारलं, आणि आपण हे विचारलं याचा मलाच राग आला.

"विचारून राहिले, गोळी लिवली कोनं."

"सांगू नोका!" वच्छलाबाईंनी त्यांना चिमटा काढला. पण पाहुण्याशी खोटं बोलणं महादेवरावांच्या रक्तात नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवूनही टाकलं होतं.

मी तिघांना सोडायला लिफ्टपाशी गेलो. पाच जणांची लिफ्ट, आणि तिघंही किडकिडीत. तरी जास्त वजनाची घंटा वाजू लागली. थांबेचना.

"भैयाजी," महादेवराव अदबीनं म्हणाले, "तुमी मागून या जी."

घंटा थांबली.

लिफ्ट गेली. मी जिन्याकडे कान लावला. पाऊल वाजलं नाही.

मग आत, माझ्या केबिनमध्ये, वेताची खुर्ची कुरकुरली.