डिस्क वापरात आहे

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात पदरचा एक शब्दही मी घातलेला नाही. माझा मेहुणा विल्फ्रिदो याच्यावर हे गुदरलं. तो आजही आमच्या पिलार गावातच राहतो, संगणक दुरुस्त करतो.

जानेवारीतली, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. हो, दुपारच. आमच्याकडे रात्रीपेक्षा दुपारचीच भीती जास्त. जेवणं उरकली की अख्खं गाव दारं लावून झोपतं. एरवी आम्ही फाटकाशी उभं राहून टाळी वाजवतो, म्हणजे घरचे बाहेर येतात. पण दुपारच्या झोपेत टाळी वाजवायची कुणाची प्राज्ञा नाही.

विल्फ्रिदो गावच्या छोट्या रेडिओ केंद्रात एकटाच होता. तिथल्या संगणकात दोन डिस्क. लहानीवर नवी लिनक्स प्रणाली बसवायची होती. मोठीवर होता सेवेरियानाबाईंचा आवाज. त्यांच्या हयातभराचे कार्यक्रम. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

बाई वारल्या होत्या. त्यांचे यजमान इलारिओकाका रोज संध्याकाळी केंद्रावर येऊन तो आवाज ऐकत. तेवढ्यावरच जगत होते, म्हणा ना.

खरं तर मोठी डिस्क आधी काढून ठेवायला हवी होती. पण संगणकाच्या पेटीची किल्ली केंद्रप्रमुख निमियाकडे. ती जाताना बजावून गेली होती, "किल्ली हवी तर ऊन उतरल्यावर ये. झोपेतून उठवलंस तर बघ!"

विल्फ्रिदो गेला नाही.

प्रणाली बसवताना संगणक जे जे विचारतो, त्याची सगळी उत्तरं त्याच्या पेन ड्राइव्हवर आधीच लिहिलेली होती. पहिली डिस्क पूस, नवे भाग पाड, पुढचं आपलं आपण कर. पहिली म्हणजे लहान, हे त्याने तपासलं होतं. पेन ड्राइव्ह लावून तो झुल्यात आडवा झाला.

आणि...

फाटकाशी टाळी वाजली. दोन जवळजवळ... मग थांबून एक.

तो बाहेर गेला. रस्ता रिकामा. धुळीत एक पाऊलही उमटलेलं नव्हतं.

आत आला तर काम अडलेलं. पडद्यावर ओळ होती: 'डिस्क वापरात आहे. भाग पाडता येत नाहीत.'

कोण वापरतंय? त्याने शोधलं. एकही प्रोग्राम डिस्कला धरून नव्हता.

"तुलाही ऊन लागलं वाटतं," तो संगणकाला म्हणाला आणि त्याने तो पुन्हा सुरू केला.

पुन्हा टाळी... दोन, मग एक. या खेपेला व्हरांड्यातून.

तिथेही कुणी नाही. शेजारचं भुंकणारं कुत्रं मात्र एकदम गप्प झालं होतं.

पडद्यावर तीच ओळ.

आता तो चिडला. उत्तरांमध्ये त्याने एक ओळ वाढवली. कुणी डिस्क धरून बसलं असेल, तर सोडवून घे आणि पूस. संगणक परत सुरू केला.

एक गोष्ट तो विसरला. त्याच्या धंद्यातलं शेंबडं पोरही ती जाणतं. संगणक सुरू होताना जी डिस्क आधी जागी होईल, तीच पहिली ठरते. दर वेळी तीच असेल असं नाही.

टाळी वाजली...

खोलीत. त्याच्या पाठीमागे.

"कोण आहे रे? मार खाशील!" तो ओरडला. पण मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. तो डोळे गच्च मिटून बसून राहिला.

डोळे उघडले तेव्हा काम पूर्ण झालं होतं.

लहान डिस्क जशीच्या तशी होती. मोठी कोरी. तिन्ही खेपांना पहिली ठरली होती ती मोठीच.

ऊन उतरल्यावर इलारिओकाका तेरेरेचा, आमच्याकडच्या पानांच्या गार चहाचा थर्मास घेऊन आले. नेहमीच्या खुर्चीत बसले.

"लाव रे बाळा. आज तिची ती आंब्याची गोष्ट ऐकू."

विल्फ्रिदोने रडत सगळं सांगितलं. टाळ्यांचंही.

काकांनी थर्मास खाली ठेवला.

"दोन जवळजवळ, मग थांबून एक?"

"हो, काका."

"स्वतःच्या घरीसुद्धा तशीच टाळी वाजवायची ती. मी म्हणायचो, अगं, तुझंच घर आहे, ये की आत." त्यांनी विल्फ्रिदोचा हात धरला. "इतक्यांदा बोलावलं तिने तुला. तू वळून का नाही रे बघितलंस?"

पुसलेला आवाज परत मिळतो का बघायला डिस्क राजधानीला पाठवली. तिथून कोरीच परत आली. काका रोज येऊन मुक्या स्पीकरसमोर बसत. हिवाळ्यात तेही गेले.

डिस्क कोण धरून बसलं होतं, ते मी विल्फ्रिदोला विचारत नाही. दुपारी कुठे खुट्ट झालं तरी तो धावत जाऊन फाटक सताड उघडतो.

तशी टाळी पुन्हा कधीच वाजली नाही.