मुंबई ते नैरोबी, सहा तास

"मुंबई ते नैरोबी विमानाले किती घंटे लागतात?"

मी मान वर केली. वाशीमच्या बसस्टँडसमोर माझं तिकीट बुकिंगचं दुकान. पुणे, सुरत, फार तर हैदराबाद... नैरोबी कोणी विचारलं नव्हतं. समोर उंच, सावळा तरुण उभा. हातात हेल्मेट, भुवयांवर धूळ.

"सहा. थेट मिळालं तं," मी स्क्रीन पाहून म्हटलं. "पन वाशीमवरून मुंबईलेच बारा लागतात."

"म्हंजे नैरोबीच जवळ हाय म्हना की!" तो हसला आणि तिकीट न काढताच गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "अन् अंतर?"

"साडेचार हजार किलोमीटर."

"तुमी गेल्या कदी विमानात?"

"मी दुसऱ्यायलेच बसवते."

तो असा काही बघत राहिला, की सुरतच्या गिऱ्हाइकाला मी जवळजवळ सोलापूरला पाठवलं!

चौथ्या दिवशी चहा पिताना कळलं : नाव शिवहरी, गाव धनज, काम ठिबक सिंचनाचं. कंपनी दोन वर्षांसाठी नैरोबीला पाठवत होती. शनिवारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं.

मग माझं चित्त थाऱ्यावर राहीना. मोटरसायकल वाजली की नजर दाराकडे. घरी वरणात दोनदा मीठ पडलं. बाबांनी वरणात पाणी ओतून घेतलं.

शनिवारी तो आला. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

"काढू तिकीट?"

"तुमी काय म्हनता, वैभवी?"

"मी काय म्हनू? रोज येता, रोज इचारता, काढत काहीच नाई. काहून?"

त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "वाटलं... एखाद्या दिवशी तुमी म्हनसान, लय दूर हाय, जाऊ नका."

माझ्या ओठांवर तेच होतं. एक शब्द, आणि तो थांबला असता. पण पुढे कधी वरून विमान गेलं असतं, तर काम सोडून तो बघत राहिला असता...

"नाई म्हननार," मी म्हटलं. "जा तुमी."

"अन् तुमी?"

"मी... वाट पाहीन."

प्रिंटरमधून तिकीट आलं. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. सोडवेना कोणालाच.

मंगळवारी तो उडाला. स्क्रीनवर ते इवलंसं विमान समुद्रावरून सरकत होतं. मी उठत होते, बसत होते, पुन्हा बघत होते. शेवटी मेसेज आला : "पोचलो. इथली माती लाल हाय. तुमी कदी येता?"

त्याच संध्याकाळी मी पासपोर्टचा अर्ज भरला.

तीन आठवड्यांनी चौकशीला पोलीस घरी आले. "कुठं जानं हाय, बाई?"

"नैरोबीले."

"तिथं कोन हाय तुमचं?"

ओट्यावर पेपर वाचणाऱ्या बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. सांगू... की नको?

"शिवहरी," मी म्हटलं. "धनजचा."

बाबांनी पेपरची सावकाश घडी घातली.

"कर त्या कागदावर सही," ते मला म्हणाले. "अन् त्याच्या बापाचा फोन नंबर दे मले."