हुंकारा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण शीला माझी सख्खी जाऊ आहे आणि ती उगाच घाबरणाऱ्यातली नाही.

शीला कादंबऱ्या लिहिते. आसरा, यक्षिणी, नागकन्या... बायकांनी बायकांना सांगितलेल्या गोष्टी घ्यायच्या आणि त्यात आपली कल्पना मिसळायची, हाच तिचा उद्योग.

गेल्या श्रावणात ती शहाद्याहून सारंगखेड्याला गेली. तापीकाठच्या धनुमायकडे. म्हातारीला दिसत नाही, पण साती आसरांची गोष्ट तिच्यासारखी कुणाला येत नाही. पाण्यातल्या सात बहिणी. सातवी माणसाच्या घरी नांदायला गेली, ती परतलीच नाही. बाकीच्या तिला दारोदार शोधतात...

आपल्याकडे गोष्ट ऐकताना 'हं' म्हणत राहायचं असतं. हुंकारा द्यायचा. शीलाला हे काय माहीत नाही? पण मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं. आपला आवाज मध्ये नको, म्हणून ती तोंड मिटून बसली.

म्हातारी मात्र छान रंगात आली. शेवट तेवढा राहिला.

घरी येऊन शीलानं रेकॉर्डिंग लावलं.

धनुमायचं एक वाक्य. मग...

"हं."

बाईचा आवाज. अगदी जवळचा. प्रत्येक वाक्यामागे.

पहिला संशय म्हातारीच्या सुनेवर. प्रमिलाबाई दाराआडून हुंकारे देत असणार. फोन केला, तर ती त्या दुपारी शेतात निंदायला गेलेली. मग मोबाइलवर संशय. मग चक्क माझ्यावर, एकाच घरात राहतो तेव्हा मीच मोबाइलशी काहीतरी चाळे केले म्हणून. मला त्याचा राग आला, अजूनही आहे.

पण शेवटावाचून पुस्तक अडलं होतं. एका रविवारी ती पुन्हा गेली आणि हुंकाऱ्याचं विचारलं.

धनुमाय दचकली. "तू नव्हती? मी तं तुन्हाच हुंकारावर सांगी ऱ्हायनी व्हती."

"मी गप्प होते, धनुमाय."

म्हातारीनं चाचपत शीलाचा हात धरला.

"जो हुंकारा देस, गोष्ट त्यान्ही व्हस," ती म्हणाली. "आते पुढलं मी नही सांगाव. घर जाय. तुन्ही पोर एकटी शे का?"

शीला तशीच निघाली. घरी पोचली तेव्हा भर दुपार होती. पहिलीतली रुपा, तिची लेक, बाहुलीला गोष्ट सांगत होती.

अहिराणीत...

लेकीशी घरात अहिराणी बोलायची नाही, हा शीलाचाच नियम. रुपाला ती बोलता येत नाही.

"मंग त्या बहिणी दारशी उन्यात..."

बहिणी दाराशी आल्या, हा भाग रेकॉर्डिंगमध्ये नव्हता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी रिकाम्या पलंगाकडून...

"हं."

शीलानं धावत जाऊन लेकीला पोटाशी धरलं आणि स्वतः हुंकारा दिला. मोठ्यानं. दुसरा आवाज थांबला.

तेव्हापासून रुपा रोज दुपारी सांगते आणि शीला रोज हुंकारा देते. लिहिणं सुटलं. गोष्ट आणि गोष्टीबरोबर आपली लेक त्या दुसऱ्या कुणाची होऊ नये, एवढ्यासाठी ती तिच्या शेजारून हलत नाही.

परवा मी दारातून बघत होते. रुपानं बाहुली खाली ठेवली आणि स्वतःकडे बोट केलं.

"त्या म्हणन्यात, आमनी सातवी हाईच शे का?"

शीलाच्या तोंडून आवाज फुटला नाही.

मीही गप्प होते, देवाशपथ.

तरी "हं" आलंच...

माझ्या पाठीमागून.